दूरच्या दोन शहरांमधले विमान-अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

लांबचा विमानप्रवास पहिल्यांदाच करणाऱ्याचा प्रश्न साधा असतो: या शहरापासून त्या शहरापर्यंत अंतर किती आणि पोहोचायला वेळ किती? प्रश्न संगणकावर टाकला की क्षणात दोन आकडे समोर येतात, आणि बहुतेक जण त्याच दोन आकड्यांच्या भरवशावर सुट्टी, राहण्याची जागा, पुढची गाडी आणि कधीकधी मुलाखतीची वेळसुद्धा ठरवून टाकतात. पहिल्या खेपेला मीही तेच केले होते आणि त्याची किंमत मोजली. ते आकडे खोटे नसतात. मात्र ते नेमके कशाचे आहेत, हे तिथे कुणी सांगत नाही. ते समजून घेऊन स्वतःचा हिशेब स्वतः कसा मांडायचा, हे इथे क्रमाने देत आहे. गणिताची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, कारण बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार आणि साइन-कोसाइनची बटणे असलेला कॅल्क्युलेटर एवढ्यावर सगळे भागते.

आधी तीन आकडे वेगळे करा

पहिला आकडा अंतराचा. संकेतस्थळांवर दिसणारे अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेली, दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट असते. विमान त्या वाटेवरून तंतोतंत कधीच जात नाही.

दुसरा आकडा उड्डाणाच्या वेळेचा. इथे मोठा घोळ होतो. काही ठिकाणी फक्त हवेतला वेळ दिलेला असतो, तर तिकिटावरचा वेळ वेगळ्या पद्धतीने मोजलेला असतो. विमानाने उभे राहण्याची जागा सोडल्यापासून ते दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी येऊन थांबेपर्यंतचा तो वेळ असतो आणि विमानसेवेत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा आणि उतरल्यावर इमारतीपर्यंत येण्याचा वेळ त्यातच धरलेला असतो.

तिसरा आकडा कुठेच छापलेला नसतो, तो स्वतः काढावा लागतो. राहत्या जागेच्या दारातून निघाल्यापासून मुक्कामाच्या दारात पोहोचेपर्यंत लागणारा वेळ म्हणजे हा तिसरा आकडा, आणि सगळे बेत त्याच्यावरच आखायला हवेत.

हाताशी काय हवे

- दोन्ही विमानतळांची तीन अक्षरी सांकेतिक नावे
- दोन्ही विमानतळांचे अक्षांश आणि रेखांश, जे कोणत्याही नकाशा-ॲपवर मिळतात
- प्रवासाच्या तारखेला दोन्ही शहरांच्या घड्याळात आणि जागतिक प्रमाणवेळेत (यूटीसी) असलेला फरक
- उड्डाणांचा माग दाखवणारे एखादे ॲप. फ्लाइटरडार२४ आणि फ्लाइटअवेअर ही त्यांतली जास्त वापरातली नावे
- एक कोरा कागद; फोनच्या पडद्यावर हा सगळा हिशेब एकाच वेळी डोळ्यांसमोर राहत नाही

१. शहर नव्हे, विमानतळ नक्की करा

अंतर शहरांमधले विचारले जाते, पण विमान विमानतळावर उतरते. लंडनच्या नावाखाली हीथ्रो, गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्युटन आणि सिटी असे अनेक विमानतळ मोडतात. न्यूयॉर्कसाठी जेएफके, लाग्वार्डिया आणि शेजारच्या न्यू जर्सी राज्यातला न्यूअर्क असे तीन आहेत. टोकियोचे दोन मुख्य विमानतळ म्हणजे हानेदा आणि नारिता. हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता शहराच्या मध्यभागापासून साठ किलोमीटरहून लांब आहे. हजारो किलोमीटरच्या प्रवासात साठ किलोमीटर किरकोळ वाटतात, पण विमान ते अंतर चार मिनिटांत कापते आणि आपल्याला त्यासाठी गाडीत तास-दीड तास घालवावा लागतो.

याच टप्प्यावर नावांचा सापळाही असतो. कॅलिफोर्नियात सॅन होजे आहे आणि कोस्टा रिका या देशाची राजधानीही सॅन होजेच आहे. दोघांच्या सांकेतिक नावांत, एसजेसी आणि एसजेओ, फक्त शेवटच्या अक्षराचा फरक आहे. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आहे तसे अमेरिकेच्या अलाबामा राज्यातही आहे. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातही आहे. म्हणून अंतर शोधताना आणि तिकीट काढतानाही शहराच्या नावाबरोबर देशाचे नाव आणि तीन अक्षरी संकेत मोठ्याने वाचून ताडून पाहा. अंतर अपेक्षेपेक्षा दुप्पट किंवा अर्धे आले, तर गणित पुन्हा करण्याआधी नाव तपासा.

२. सर्वांत जवळची वाट मोजा

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरे जोडली, तर येणारी रेघ बहुतेक वेळा जवळची वाट नसते. चेंडूसारखी गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे मोठे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदा पट आहे. घरात पृथ्वीगोल असेल, तर दोन शहरांवर दोरा ताणून धरा. दोरा जिथून जाईल ती खरी जवळची वाट. या वाटेला बृहद्‌वृत्त म्हणतात.

आकडा काढण्यासाठी तयार गणकयंत्रे पुष्कळ आहेत आणि ग्रेट सर्कल मॅपर हे त्यांतले जुने, भरवशाचे साधन आहे. तरीही एकदा हा आकडा हाताने काढून पाहावा, असा माझा आग्रह आहे, कारण त्यानंतर कोणताही चुकीचा आकडा डोळ्याला लगेच खटकतो.

टोकियोचा हानेदा विमानतळ ३५.५५ अंश उत्तर अक्षांश आणि १३९.७८ अंश पूर्व रेखांशावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ ३७.६२ अंश उत्तर आणि १२२.३८ अंश पश्चिम इथे आहे. सुरुवात रेखांशांमधल्या फरकापासून करा. एक पूर्वेचा आणि दुसरा पश्चिमेचा असल्यामुळे दोघांची बेरीज घ्यायची, ती २६२.१६ येते. ही बेरीज १८० पेक्षा जास्त आहे, म्हणजे आपण पृथ्वीला लांबून वळसा घालत आहोत. म्हणून ती ३६० मधून वजा करायची, की फरक ९७.८४ अंश उरतो. नवशिक्यांची चूक होते ती नेमकी इथे.

आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.५८१४ गुणिले ०.६१०४, म्हणजे ०.३५४९. नंतर दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार करा: ०.८१३६, ०.७९२१ आणि उणे ०.१३६४, म्हणजे उणे ०.०८७९. दोन्हींची बेरीज ०.२६७० होते. ज्या कोनाचा कोसाइन एवढा असतो तो कोन ७४.५ अंशांचा आहे. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली, तर अशा वाटेवरचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर होतात. गुणाकार केला की साधारण ८,२८५ किलोमीटर हे उत्तर मिळते.

कॅल्क्युलेटर अंशांच्या मांडणीत आहे ना, हे आधी पाहून घ्या. तो रेडियनवर असेल तर उत्तर भलतेच येते आणि चूक कुठे झाली हे कळता कळत नाही. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावरचा तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने मोठा आहे. त्यामुळे या सूत्राचे उत्तर आणि अचूक गणकाचे उत्तर यांत जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्यापर्यंत तफावत पडते. प्रवासाच्या नियोजनाला तिने काही बिघडत नाही.

याच दोन शहरांमध्ये नकाशावर सरळ दिसणाऱ्या आडव्या रेघेने, म्हणजे साधारण एकाच अक्षांशावरून गेलो असतो, तर अंतर ८,७०० किलोमीटरहून अधिक भरले असते. जवळची वाट मात्र उत्तरेकडे झुकत ४८ अंश अक्षांशापर्यंत वर जाते आणि मग खाली उतरते. आसनासमोरच्या पडद्यावर विमानाची वाट कमानीसारखी वाकलेली दिसते ती त्यामुळेच. विमान वळसा घेत नसते. वाकडा असतो तो नकाशा.

एककांकडेही लक्ष ठेवा. परदेशी संकेतस्थळांवर अंतर कधी मैलांत असते, तर कधी सागरी मैलांत. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. दोन्हींची गल्लत झाली तर पंधरा टक्क्यांची चूक होते, म्हणजे लांबच्या प्रवासात सहज दोन तासांची.

आणखी एक ताळा मनात कायम ठेवावा. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, म्हणून कोणत्याही दोन शहरांमधले जवळचे अंतर २०,००० किलोमीटरच्या पलीकडे जाऊच शकत नाही. माद्रिद आणि वेलिंग्टन ही शहरे पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना आहेत आणि त्यांच्यातले अंतर या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचते. कुठे २२,००० किलोमीटर असा आकडा दिसला, तर तो वाटेतल्या थांब्यांसह मोजलेला आहे किंवा चुकलेला आहे.

३. विमान प्रत्यक्षात कुठून जाते ते पाहा

जवळच्या वाटेत किती भर पडते, हे बहुतेक मार्गांवर दोन ते पाच टक्क्यांच्या आत असते. उड्डाणानंतरची आणि उतरण्यापूर्वीची वळणे, ठरलेले हवाईमार्ग, वादळे आणि लष्करी हवाई क्षेत्रे ही त्याची नेहमीची कारणे. दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन असते. एक इंजिन बंद पडले, तर ठरावीक मिनिटांच्या आत एखाद्या पर्यायी विमानतळावर पोहोचता येईल अशाच वाटेने त्याला जावे लागते. त्यामुळे दक्षिण गोलार्धातल्या विस्तीर्ण समुद्रांवरचे मार्ग कधीकधी अपेक्षेपेक्षा जास्त वळलेले दिसतात.

हा टक्केवारीचा अंदाज साफ कोलमडतो तो हवाई क्षेत्र बंद झाल्यावर. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचे आकाश युरोपातल्या अनेक विमानकंपन्यांना बंद झाले. हेलसिंकीहून टोकियोला जाणाऱ्या विमानाला पूर्वी साधारण साडेनऊ तास लागत. बंदीनंतर तेच विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूने किंवा दक्षिणेकडून वळसा घालून जाऊ लागले आणि वेळ तेरा तासांच्या घरात गेला. शहरे हलली नव्हती, सूत्राचे उत्तरही बदलले नव्हते. म्हणून जुन्या लेखातला किंवा ओळखीच्यांनी काही वर्षांपूर्वी सांगितलेला वेळ जसाच्या तसा धरू नका. माग दाखवणाऱ्या ॲपवर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाच्या गेल्या आठवड्यातल्या फेऱ्या उघडून पाहा; प्रत्यक्ष वाट आणि प्रत्यक्ष वेळ दोन्ही तिथे दिसतात.

४. किलोमीटरचे तास करा

लांब पल्ल्याची आजची जेट विमाने दहा ते बारा किलोमीटर उंचीवरून, ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ८५ टक्के वेगाने जातात. तिथल्या उणे ५६ अंशांच्या आसपासच्या थंड हवेत तो वेग ताशी ९०० किलोमीटर भरतो. माझी रीत अशी आहे: अंतरात दोन टक्के मिळवायचे, आलेल्या आकड्याला ९०० ने भागायचे, चढण्या-उतरण्यातल्या संथ गतीसाठी अर्धा तास धरायचा आणि जमिनीवरच्या सरकण्यासाठी आणखी पंचवीस मिनिटे. टोकियो–सॅन फ्रान्सिस्कोसाठी हा हिशेब सव्वादहा तासांच्या आसपास येतो.

वेळापत्रक उघडले की मात्र वेगळेच दिसते. टोकियोहून सॅन फ्रान्सिस्कोला साधारण सव्वानऊ ते साडेनऊ तास आणि परतीला जवळपास अकरा. आपला आकडा दोन्हींच्या मधोमध बसतो आणि उरलेला फरक वाऱ्याचा असतो. मध्य अक्षांशांवर, विमाने ज्या उंचीवरून जातात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचा पट्टा असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो. पूर्वेकडे जाणारी विमाने त्याचा फायदा घेतात आणि पश्चिमेकडे जाणारी शक्य तेवढी त्याला टाळून वाट शोधतात. उत्तर अटलांटिकवर तर वाऱ्यांचा अंदाज पाहून विमानांसाठी समुद्रावरच्या वाटा रोज नव्याने आखल्या जातात.

पूर्वेकडे जाताना मी आसनासमोरच्या पडद्यावर जमिनीच्या तुलनेतला वेग ताशी १,०६० किलोमीटर वाचला होता. परतीच्या प्रवासात समुद्राच्या त्याच भागावर, त्याच जातीच्या विमानात तो ७८० होता. बाहेरचे तापमान दोन्ही वेळा उणे पन्नासच्या खाली होते, इंजिनांचा आवाजही तोच होता. आपण सावकाश जात आहोत असे परतताना जराही जाणवले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठे वादळ असताना एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते आणि वाटेत त्याचा जमिनीच्या तुलनेतला वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या सुमारे ५,५४० किलोमीटरच्या मार्गाला एरवी पूर्वेकडे जाताना सात तास आणि पश्चिमेकडे जाताना आठ तास धरतात.

यातून नियोजनासाठी दोन गोष्टी घ्यायच्या. जाण्याचा वेळ दुप्पट करून येण्या-जाण्याचा वेळ काढू नका. आणि वेळापत्रकातल्या आकड्यात कंपनीने थोडी सवड आधीच मिसळलेली असते, म्हणून विमान अर्धा तास उशिरा सुटले तरी वेळेवर पोहोचल्याचे अनेकदा दिसते. त्या सवडीवर पुढचे बेत मात्र बांधू नका. ती तुमच्यासाठी राखून ठेवलेली नसते.

५. घड्याळांचा हिशेब एकाच घड्याळावर आणा

तिकिटावर सुटण्याची वेळ सुटण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची असते. या दोन वेळांची थेट वजाबाकी करणे ही मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक आहे. उपाय सोपा आहे: दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत बदला आणि मगच वजाबाकी करा.

समजा विमान टोकियोहून १० जुलैला संध्याकाळी ५ वाजता सुटते. टोकियो प्रमाणवेळेच्या ९ तास पुढे आहे, म्हणून ही वेळ प्रमाणवेळेनुसार सकाळचे ८ झाली. त्यात ९ तास २० मिनिटे मिळवली की संध्याकाळचे ५:२० होतात. जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्को प्रमाणवेळेच्या ७ तास मागे असते, म्हणजे तिथे तेव्हा १० जुलैचेच सकाळचे १०:२० वाजलेले असतात. संध्याकाळी निघालेला माणूस त्याच तारखेच्या सकाळी पोहोचतो. परत येताना याच्या उलटे होते. २० जुलैला दुपारी १ वाजता निघालात, तर अकरा तासांनी टोकियोत २१ जुलैचे दुपारचे ४ वाजलेले असतात. तिकिटावर अशा ठिकाणी वेळेशेजारी बारीक अक्षरांत अधिक १ असे छापलेले असते. ते नजरेतून सुटले, की राहण्याची जागा एक दिवस आधीची घेतली जाते.

उन्हाळी वेळेमुळे, म्हणजे काही देशांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे नेतात त्यामुळे, हा हिशेब वर्षभर सारखा राहत नाही. लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यात एरवी पाच तासांचा फरक असतो. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात त्याच महिन्याच्या शेवटच्या रविवारी, म्हणून मधल्या दोन-तीन आठवड्यांत तो फरक चार तासांचा होतो. शरद ऋतूत असाच आणखी एक आठवडा येतो. लंडन–सिडनी फरक तर वर्षात कधी नऊ, कधी दहा आणि कधी अकरा तासांचा असतो, कारण दोन्ही गोलार्धांत उन्हाळा उलट महिन्यांत येतो. फरक शोधताना आजचा नव्हे, प्रवासाच्या तारखेचा शोधा.

मध्यरात्रीच्या आसपासच्या विमानांसाठी वेगळी खूणगाठ बांधून ठेवावी. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:२० असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या रात्री पोहोचायचे आहे. १५ च्या रात्री पोहोचणाऱ्याचे विमान जवळजवळ पूर्ण एक दिवस आधीच गेलेले असते, आणि हे अनेक शहाण्यासुरत्या माणसांच्या बाबतीत घडते.

६. वाटेतला थांबा तोलून पाहा

न थांबता जाणारे विमान आणि थेट विमान यांचा अर्थ विमानसेवेत वेगळा आहे. थेट म्हणजे उड्डाणाचा क्रमांक एकच, वाटेत विमान थांबू शकते. सिडनीहून सिंगापूरमार्गे लंडनला जाणारे विमान एकाच क्रमांकाने जाते, तरी सिंगापूरला प्रवाशांना खाली उतरावे लागते. तिकीट पाहताना थांबे शून्य आहेत ना, हेच वाचा.

न थांबता जाण्यालाही मर्यादा आहे. सिंगापूर–न्यूयॉर्क हा सुमारे १५,३०० किलोमीटरचा मार्ग आज नियमित चालणाऱ्या सर्वांत लांब उड्डाणांपैकी आहे आणि तो साडेअठरा तासांहून अधिक वेळ घेतो. त्याच्या पलीकडच्या बहुतेक जोड्यांना थांबा घ्यावाच लागतो. थांबा कुठे आहे यावर मात्र फार काही अवलंबून असते. सिडनी–लंडन जवळचे अंतर सुमारे १७,००० किलोमीटर आहे. सिंगापूरमार्गे गेले तर दोन टप्प्यांची बेरीज जेमतेम दोनशे किलोमीटरने वाढते, कारण सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे. याउलट लंडनहून केपटाउनला दुबईमार्गे गेलात, तर सुमारे ९,७०० किलोमीटरचे १३,१०० होतात, म्हणजे नुसत्या उडण्यातच जवळपास चार तासांची भर पडते. तिकीट स्वस्त दिसले की आधी दोन्ही टप्पे वेगवेगळे मोजा आणि बेरीज थेट अंतराशी ताडून पाहा. वाटेवरचा थांबा आणि आडवाटेचा थांबा यांतला फरक किमतीच्या रकान्यात दिसत नाही.

आता थांबा किती वेळाचा असावा, याबद्दल. विमानतळ दोन विमानांमधला किमान वेळ ठरवून देतात आणि एकाच आरक्षणावरचे तिकीट त्या नियमात बसवूनच विकले जाते. पहिले विमान उशिरा आले, तर पुढच्या विमानात बसवून देणे ही कंपनीची जबाबदारी असते. मी पहिल्या वेळी थोडे पैसे वाचवण्यासाठी दोन वेगवेगळी तिकिटे काढली होती आणि मध्ये अडीच तास ठेवले होते. कागदावर ते पुरेसे वाटत होते. प्रत्यक्षात पहिले विमान चाळीस मिनिटे उशिरा उतरले. सामान पुढच्या विमानात आपोआप जाणार नव्हते, म्हणून आधी इमिग्रेशनची रांग, मग सामानाचा पट्टा, मग दुसऱ्या इमारतीपर्यंतची बस, असे सगळे पार करून मी काउंटरवर पोहोचलो तेव्हा सामान स्वीकारणे बंद होऊन बारा मिनिटे झाली होती. विमान काचेतून समोर उभे दिसत होते. दुसऱ्या तिकिटाच्या दृष्टीने मी फक्त न आलेला प्रवासी होतो आणि नवे तिकीट पूर्ण पैशांनी घ्यावे लागले.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. एकाच आरक्षणावर आंतरराष्ट्रीय बदल असेल तर दोन ते तीन तास, आणि वेगळ्या तिकिटांवर असेल तर किमान सहा तास किंवा सरळ एक रात्र. चेक-इन करताना सामानाच्या चिठ्ठीवर शेवटच्या शहराचा संकेत छापला आहे का, ते काउंटर सोडण्याआधी पाहून घ्या. अमेरिकेत मात्र सर्वसाधारणपणे पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन करून, सामान हातात घेऊन ते पुन्हा द्यावे लागते, मग चिठ्ठीवर पुढचे शहर छापलेले असले तरी. तिथला थांबा जास्त लांबच ठेवा.

७. दारापासून दारापर्यंतची बेरीज मांडा

आता कागद घ्या आणि सगळे तुकडे एकाखाली एक लिहा. टोकियो–सॅन फ्रान्सिस्कोचाच नमुना घेऊ.

- राहत्या जागेपासून विमानतळापर्यंत: १ तास
- विमान सुटण्याआधी विमानतळावर: ३ तास
- ब्लॉक टाइम: ९ तास २० मिनिटे
- उतरणे, इमिग्रेशन, सामान, कस्टम्स: १ तास ३० मिनिटे
- विमानतळापासून मुक्कामापर्यंत: ४५ मिनिटे

एकूण १५ तास ३५ मिनिटे. शोधल्यावर दिसलेल्या आकड्यापेक्षा सहा तासांहून जास्त, आणि यात कोणताही उशीर धरलेला नाही. वाटेत थांबा असेल, तर त्याचा पूर्ण वेळ यात मिळवायचा.

शरीराचे घड्याळ या बेरजेत बसत नाही, तरी त्याचीही जागा ठेवावी लागते. साधारणपणे बदललेल्या प्रत्येक तासामागे सावरायला एक दिवसाच्या आसपास वेळ लागतो आणि पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्यापेक्षा जड जातो. परीक्षा, मुलाखत किंवा सभा असेल, तर पोहोचण्याचा दिवस आणि त्यानंतरचा किमान एक दिवस मोकळा ठेवा.

८. कागदपत्रे तपासा

अंतराच्या हिशेबात कागदपत्रे कशाला, असे वाटेल. पण चुकीच्या मार्गाचे तिकीट कागदपत्रांपाशीच अडते, म्हणून मार्ग पक्का करण्याआधी ही यादी पाहा.

- पासपोर्ट: प्रवासानंतरही सहा महिने वैध असावा, अशी अट अनेक देश घालतात
- पोहोचण्याच्या देशाचा व्हिसा किंवा त्याऐवजी लागणारी ऑनलाइन परवानगी
- थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा, लागत असल्यास
- आरक्षण क्रमांक असलेले तिकीट, परतीच्या तिकिटासह
- मुक्कामाचा पत्ता, कागदावर लिहिलेला

ट्रान्झिट व्हिसाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. अमेरिकेत विमान बदलायचे असेल, तरी व्हिसा किंवा परवानगी लागतेच. युरोपातल्या शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या देशांत, एकाच विमानतळावर विमान बदलणे आणि दोन विमानतळांवर बदलणे यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात मधला टप्पा त्या क्षेत्राच्या आतला प्रवास ठरतो आणि व्हिसा लागणाऱ्या देशाच्या नागरिकाला पूर्ण शेंगेन व्हिसा दाखवावा लागतो. नियम आपल्या पासपोर्टप्रमाणे बदलतात, म्हणून ते थांब्याच्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच वाचा.

बोर्डिंग पास प्रवासानंतर लगेच फेकू नका. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात विमान रद्द झाल्यास किंवा फार उशिरा पोहोचल्यास प्रवाशाला मिळणाऱ्या भरपाईचे टप्पे १,५०० आणि ३,५०० किलोमीटर अशा अंतरांवर ठरलेले आहेत आणि ते अंतर आपण दुसऱ्या पायरीत काढले त्याच बृहद्‌वृत्ताच्या पद्धतीने मोजतात. विमानाने वळसा घेऊन कापलेले जास्तीचे किलोमीटर त्यात धरत नाहीत. विमान पोहोचल्याची वेळ म्हणूनही चाके धावपट्टीला टेकल्याची वेळ घेत नाहीत, तर विमानाचे दार उघडल्याची घेतात. उशीर झाला तर दार उघडताच घड्याळ पाहा आणि ती वेळ बोर्डिंग पासच्या मागे लिहून ठेवा.

तिकीट काढल्यानंतरही वेळापत्रक बदलू शकते. निघण्याच्या एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि आदल्या दिवशी विमानकंपनीच्या संकेतस्थळावर आरक्षण उघडून सुटण्याची वेळ, टर्मिनल आणि थांब्याचा कालावधी पुन्हा पाहा. बदल झाला असेल, तर सातव्या पायरीतली बेरीज नव्याने मांडा आणि मुक्कामाच्या ठिकाणी पोहोचण्याची नवी तारीख व वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे कळवा.